हिरव्या कफांची पलटण

११ फेब्रुवारी, बीस्टन

प्रिय जोएल,

आज मी तुरुंगात तुला भेटायला आले होते आणि तू बाहेर आला नाहीस. मागच्या खेपेला वाटलं, ताप असेल. त्याच्या आधी वाटलं, निरोपच पोचला नसेल. आज दारावरच्या बाईनेच सांगून टाकलं, "मिसेस हॅलम, तो नाही म्हणतोय. उगाच बसू नका." तरी मी बसले. इतरांची लेकरं येत होती, आयांच्या गळ्यात पडत होती. माझ्यासमोरची खुर्ची जमिनीला ठोकलेली होती म्हणून बरं, नाहीतर मी ती उचलून कुणाच्या तरी डोक्यात घातली असती.

मी काही विचारणार नव्हते. न्यूअर्कच्या शिशाच्या शिपायांच्या मेळ्यातून परतताना काय झालं ते कोर्टात सगळ्यांनी ऐकलंय. तू ट्रॅक्टरच्या पुढे जायला गेलास, समोरून व्हॅन आली, शेजारी बसलेला तुझा मित्र क्रेग गेला आणि तू राहिलास. तू गुन्हा कबूल केलास आणि तोंड मिटलंस ते मिटलंसच. वकील म्हणाला, एवढा गप्प माणूस मी पाहिला नाही. मी त्याला म्हटलं, अहो, हा मुलगा शिपायाच्या कॉलरच्या रंगावरून रविवारचं जेवण थंड होईपर्यंत भांडायचा.

तुझी खोली मी आवरलेली नाही. टेबलावर तुझे शिपाई अजून औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर चिकटवलेले उभे आहेत, बहुतेक नुसते राखाडी. लाल डगला थोड्यांच्याच अंगावर चढलाय. एक ब्रश तू धुतला नव्हतास, तो काडीसारखा कडक झालाय.

मी शाळेत आता वाढायला पुढे नसते, मागे भाज्या कापायला असते. बरंच आहे, पाय कमी दुखतात. बाबा बरे आहेत. सध्या बाहेर गेलेत.

पुढच्या वेळी नुसता दारापर्यंत ये. तुला बघेन आणि जाईन.

तुझी,
आई


२० फेब्रुवारी

जोएल,

तुरुंगातल्या पाद्रीबाईंचा फोन आला. त्या सरळ काही बोलल्या नाहीत, पण मी स्वयंपाकीण आहे. कुणाचं ताट कसं परत येतं यावरून मला त्याचं घर कळतं. तुझं ताट भरलेलंच परत जातं म्हणे. चहा तेवढा घेतोस.

मी फोन ठेवला आणि तुझ्या खोलीत येऊन बसले. काय करावं सुचेना. मी तुला बळेच भरवू शकत नाही, दोन थोबाडीत देऊ शकत नाही, बघूसुद्धा शकत नाही. समोर ते शिपाई उभे. खोक्यावर तुझ्या अक्षरात लिहिलंय : ४५वी पलटण, नॉटिंगहॅमशायर, बुसाको, १८१०. आपल्याच भागातली पोरं, पोर्तुगालच्या कुठल्यातरी डोंगरावर फ्रेंचांशी लढलेली. एवढं मला माहीत आहे, कारण या वसंतात क्लबच्या मोठ्या टेबलावर तुझी इंग्रजांची फौज आणि क्रेगची फ्रेंचांची, अशी ती लढाई फासे टाकून खेळायची होती. दोन वर्षं या घरात दुसरं बोलणं नव्हतं.

मग मी नवा ब्रश घेतला.

हसू नकोस. म्हणजे हस. बाटलीतला रंग तसाच लावला. पहिला शिपाई कस्टर्डमध्ये पडून बाहेर काढल्यासारखा दिसतोय, डगल्याच्या घड्याच बुजल्या. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर डोळे काढायला गेले, तो आपल्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या खाटकासारखा दचकून बघतोय. माणूस केवढा, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासा मोठा! आणि त्याला बटणं काय, पट्टे काय, पाठीवर पिशवी, पिशवीवर गुंडाळलेली घोंगडी, त्या घोंगडीलाही पट्टा. कुठल्या वेड्याने हा छंद काढला?

कॉलर आणि कफ मी पिवळे केले. तीच बाटली हाताला लागली.

बाबांना सर्दी झालीय, म्हणून ते लिहीत नाहीत.

जोएल, काहीतरी खा. पावाचा एक तुकडा खा. मला कळवू नकोस, पण खा.

आई


६ मार्च

प्रिय जोएल,

मी तुमच्या क्लबात गेले होते. तुला आवडणार नाही, पण माझ्या शिपायांची दशा बघवेना.

चर्चचा तोच हॉल. मी दार उघडलं आणि फासे टाकण्याचा आवाज थांबला. तू जिथे लहानाचा मोठा झालास तिथल्या माणसांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बूट न पुसता आत आले. त्या जाड्या सिडने तोंड फिरवलं. शेवटी मिस्टर ग्रेटोरेक्स उठले. दातांचे डॉक्टर होते ना ते! त्यांनी माझा कस्टर्डवाला शिपाई दिव्याखाली धरला, कपाळावरची भिंगं डोळ्यांवर ओढली आणि म्हणाले, "बेव्हर्ली, याला दातदुखी झालेली दिसते."

कुणीतरी फिसकन हसलं. मला रडू आलं.

त्यांनी मला जवळ बसवून दाखवलं. रंगात पाणी घालायचं, दुधाइतका पातळ करायचा. एक थर वाळला की दुसरा. मग पातळ तपकिरी पाणी सगळ्या अंगावरून सोडायचं, ते आपोआप घड्यांत जाऊन बसतं आणि सावली पडते. "श्वास सोडा," म्हणाले, "आणि सोडल्यावर ब्रश टेकवा. श्वास कोंडून धरला की हात थरथरतो. लोक दाढ काढून घेताना हेच चुकतात." डोळे काढायचे नाहीत म्हणे. एवढ्या अंतरावरून माणसाचे डोळे दिसतच नाहीत, नुसती टोपीची सावली दिसते.

पिवळे कफ पाहून ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात क्रेगचे बाबा, रॉयकाका आले.

क्रेग गेल्यापासून मी त्यांना जवळून पाहिलं नव्हतं. खूप वाळलेत. त्यांच्या हातात क्रेगच्या फौजेचं ते मोठं खोकं होतं. ते मिस्टर ग्रेटोरेक्सना म्हणाले, "हे घ्या. घरात नको झालंय मला." मग त्यांना मी दिसले, आणि माझ्या हातातला लाल डगल्याचा शिपाई दिसला.

मी गप्प बसायला हवं होतं. पण तुझं ताट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी म्हटलं, "रॉय, तो जेवत नाहीये."

रॉयकाका अगदी हळू बोलले. "माझाही जेवत नाही, बेव्ह. पण तुझ्याला ताट तरी मिळतं."

आणि खोकं काखेत मारून ते परत निघून गेले. द्यायला आणलेलं तसंच घेऊन गेले.

मी बसने घरी आले. मी हे सगळं तुला का लिहितेय मला माहीत नाही. दुसऱ्या कुणाला लिहू?

आई


१५ मार्च

जोएल! माझ्या राजा!

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, कागदाचा चिटोरा, पण तुझ्या हातचा. मी तो फ्रिजवर लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून, म्हणजे कुणी आलंच तर.

"४५वीचे कफ हिरवे. गडद हिरवे. पिवळे ८८वीचे, ते आयर्लंडचे. आई, हे बंद कर."

पहिलं वाचून मी हसले. शेवटचं तीनदा वाचलं. बंद नाही करणार. तुला खरंच बंद करायला लावायचं असतं, तर हिरवा सांगितला नसतास.

आता सगळे पिवळे कफ हिरवे करतेय. पिवळ्यावर हिरवा चढत नाही, मध्ये एक काळा हात द्यावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच शोधलं, याची नोंद घे. लाल आणि हिरवा जिथे मिळतात तिथली केसाएवढी रेघ अजून वाकडी येते. बाकी पलटण उभी राहतेय. मागची रांग लांबून अगदी खरी वाटते. मी त्यांना शाळेतल्या लोकांची नावं दिलीत. ढोलवाला म्हणजे आमची मुख्याध्यापिका.

अजून लिही. कॉलरवर लिही, पँटवर लिही. माझ्या चुका काढ. पाहिजे तेवढ्या करते.

तुझी आई


२४ मार्च

जोएल,

तू काय केलंस ते पाद्रीबाईंनी मला सांगितलं. तो शब्द मी लिहिणार नाही. तू आता दवाखान्याच्या भागात आहेस आणि तुझ्यापाशी सतत माणूस बसवलाय. शुद्धीवर आहेस. मला येऊ देत नाहीत. तू नको म्हणालास म्हणून.

मी इतके दिवस तुला गोड गोड लिहिलं. आता खरं लिहिते. बाबा बाहेर गेलेले नाहीत आणि त्यांना सर्दी झालेली नाही. तुझा निकाल लागला त्या आठवड्यात ते मेबलथॉर्पला आपल्या बहिणीकडे गेले आणि परत आलेच नाहीत. तुझं नाव काढलं की फोन ठेवतात. शाळेत मला मागे घातलं, कारण क्रेगच्या बहिणीची मुलगी जेवायला रांगेत येते आणि तिच्या आईला मी तिथे नको. चुकीचं नाही ते. शेजारची विनी सोडली तर या रस्त्यावर माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि विनीला ऐकू येत नाही.

असं आहे बघ. माझ्याजवळ तू आहेस आणि ती शिशाची माणसं आहेत. तू मेलास तर क्रेग परत येणार आहे का? एका खड्ड्याने दुसरा बुजतो का? तुला वाटतं तुला शिक्षा कमीच मिळाली, म्हणून तू स्वतःच बाकीची देतोयस. ती तुला नाही रे बसत. ती मला बसते. मी काय केलंय?

मला आज ब्रश धरवला नाही.

आई


३१ मार्च

जोएल,

हे पत्र पाद्रीबाई तुला वाचून दाखवणार आहेत. तसं त्यांनी मला वचन दिलंय. तेव्हा कान बंद करू नकोस.

मी रॉयकाकांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं आणि तोंडावर लावलं. मी पायरीवर बसले. पाऊस होता, बसले. पलीकडची बाई पडद्याआडून बघत होती. बऱ्याच वेळाने दाराच्या फटीतून आवाज आला, "तुला न्यूमोनिया झाला तर तोही माझ्याच माथी मारतील. आत ये."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर क्रेगची फौज मांडलेली होती. ती त्या दिवशी गाडीत होती, हे मी विसरले होते. पोलिसांनी रस्त्यावरून वेचून दिली. कितीतरी शिपायांच्या संगिनी वाकल्यात, कुणाचा हात तुटलाय, रंगाचे टवके उडालेत. रॉयकाका एकेकाला सरळ करत बसले होते. जन्मभर सायकलच्या कारखान्यात चाकांचे आरे सरळ केले त्यांनी, तशी चिमट्याने एकेक संगीन हळूच वाकवत होते. जोरात वाकवली की तुटते म्हणाले.

मी तुझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. खुर्ची ओढली, एक शिपाई उचलला आणि चिमटा मागितला. आम्ही किती तरी वेळ संगिनी सरळ करत होतो.

मग ते म्हणाले, "हा निळा मला जमत नाही."

टवके उडाले होते तिथे त्यांनी फ्रेंच डगल्यांचा निळा लावून पाहिला होता. कधी फार उजळ झालाय, कधी शाईसारखा. क्रेग स्वतः मिसळायचा. "कशात काय घालायचा देव जाणे," म्हणाले. "कुणाला सांगायचा नाही."

मी म्हटलं, "जोएलला ठाऊक असेल."

"असेल," म्हणाले. चिमटा खाली ठेवला. "असणारच. सगळं त्यालाच ठाऊक आहे."

आणि जोएल, मग तो म्हातारा माणूस माझ्यावर ओरडायला लागला. एवढा आवाज त्या अंगात होता हे मला माहीत नव्हतं. "डॉक्टर म्हणाला, अँब्युलन्स येईपर्यंत क्रेग शुद्धीत होता! कोर्टात वाचून दाखवलं ते! कुणीतरी एवढा वेळ माझ्या पोराजवळ होतं आणि ते कोण होतं? तुझा! काय बोलला क्रेग? दुखत होतं त्याला? मला हाक मारली? आईला मारली? तिला जाऊन तर किती वर्षं झालीत! मी त्या बाकावर बसून वाट बघत होतो, की हा आता बोलेल, आता बोलेल. तर हा म्हणतो, गुन्हा कबूल, आणि खाली मान घालतो! मला त्याची शिक्षा नको होती, बेव्ह. मला फक्त ते हवं होतं!"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. तू काय केलंस ते.

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. ते आनंदले नाहीत. ते घाबरले, जोएल. टेबलाच्या कडेला हात घट्ट धरून म्हणाले, "नाही. नाही हां. ते घेऊन तो जाऊ शकत नाही."

ऐकतोयस ना? जगात ते फक्त तुझ्याजवळ आहे. तुला लाज वाटते, तुला जगायचं नाही, मला सगळं कळतं. पण क्रेगचे ते शेवटचे शब्द तुझे नाहीत. ते त्याच्या बापाचे आहेत. ते तू नेऊ शकत नाहीस.

त्यांना तुला भेटायचंय. तुला भेटायला येणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घालावं लागेल. मला भेटू नकोस, माझं नाव खोडलंस तरी चालेल. त्यांचं घाल.

आई


१२ एप्रिल

जोएल,

पाद्रीबाईंचा फोन आला. तू नाव घातलंस. माझंही राहू दिलंस.

मी आणखी काही लिहीत नाही. लिहायला गेले तर काहीतरी चुकीचं लिहीन आणि तुझा विचार बदलेल. तीन दिवस पलटणीचे पांढरे पट्टे रंगवतेय. श्वास सोडते आणि ब्रश टेकवते.

आई


२८ एप्रिल

प्रिय जोएल,

काल मी मुद्दामच तुमच्या टेबलाशी आले नाही. चहाच्या खिडकीजवळ बसले. तिथून तुम्ही दिसत होता, ऐकू येत नव्हतं. तू दारातून आलास तेव्हा मी तुला क्षणभर ओळखलंच नाही. माझ्या पोटचं पोर, आणि मला वाटलं, कुणाचा हा हाडांचा सापळा! तू माझ्याकडे बघितलंस. पुरे झालं मला तेवढं.

रॉयकाकांनी तुझ्याशी हात मिळवला नाही, ते मी पाहिलं. मग ते उठून खिडकीशी आले, माझ्याकडे न बघता एक चहा आणि एक चीज-कांद्याचा पाव घेतला, आणि तो पाव नेऊन तुझ्यासमोर सरकवला. त्यांनी काय म्हटलं ते मला ओठांवरून कळलं. "खा," म्हणाले. बस. आणि तू खाल्लास. त्यांच्याकडे बघत, एकेक घास, जणू औषध. चहावाली बाई मला विचारत होती, "बरं वाटत नाहीये का हो?"

नंतर तू बोलायला लागलास. तुझे हात हलत होते. स्टिअरिंग धरल्यासारखे केलेस, मग तोंडावर घेतलेस. रॉयकाका दगडासारखे ऐकत होते. आणि मधेच त्यांनी हात वर करून तुला थांबवलं. मला वाटलं, संपलं. आता ते उठून जाणार. पण ते उठले नाहीत. उरलेला वेळ तुम्ही काय बोललात मला ठाऊक नाही, पण तू बोटाने टेबलावर काहीतरी काढून दाखवत होतास, आणि ते मान हलवत होते.

परत येताना गाडी तेच चालवत होते. ट्रेंट नदी ओलांडली. मग म्हणाले, "निळ्यात थोडा काळा नाही घालायचा. तपकिरी घालायचा. माझं तिथेच चुकत होतं."

मी म्हटलं, "रॉय, तुम्ही त्याला थांबवलंत का? एवढ्यासाठी तर तुम्ही..."

"तो सगळंच सांगायला निघाला होता. एका दमात. ओझं टाकतात तसं." त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. "टाकून मोकळा झाला असता, बेव्ह. मग त्याला जगात कशासाठी थांबायचं होतं? मी म्हटलं, आज व्हॅन दिसली तिथपर्यंतच. पुढचं पुढच्या महिन्यात. त्याच्या पुढचं त्याच्या पुढच्या महिन्यात."

"पण तुम्हाला तर ते लगेच हवं होतं."

"मला अजून हवंय! काल रात्रीपेक्षा जास्त हवंय!" ते एवढ्या जोरात ओरडले, की शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याने वळून पाहिलं. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. "मी त्याला माफ केलेलं नाही. तुझ्या डोक्यात काही भलतं शिरू देऊ नकोस. करीन असंही नाही. पण माझा गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. याच्या वेळी मी आहे."

आणि गाडी सुरू केली.

हे तुला सांगू नको असं ते म्हणाले नाहीत, म्हणून सांगतेय. तुला राग येईल, की म्हातारा आपल्याला बांधून ठेवतोय. बांधूनच ठेवतोय. तो स्वतःही त्याच दोरीने बांधलेला आहे, आणि दर महिन्याला ती दोरी त्याला कशी काचणार आहे ते काल मी गाडीत शेजारी बसून पाहिलं.

तुझ्याजवळ त्यांची एक वस्तू आहे, जोएल. ती त्यांना हळूहळू द्यायची आहे. तोवर सांभाळ.

तुझी,
आई